मोकळी जागा, दहा टक्के

बावीस वर्षं मी ले-आउट काढतेय,
होटगी रोड, विजापूर रोड, पार कुंभारीपर्यंत.
गट फोडायचा, नऊ मीटरचा रस्ता घालायचा,
तीस बाय चाळीसचे तुकडे पाडायचे
आणि कोपऱ्यात, जिथे काहीच बसत नाही तिथे,
हिरवी पेन्सिल: मोकळी जागा, दहा टक्के.
पुढे तिथे काय होतं ते मला ठाऊक आहे.
एक गंजलेली घसरगुंडी, वेड्या बाभळी,
कुणाचा तरी उरलेला मुरूम.

कागदावर वर लिहायचं असतं: अकृषिक.
एवढासा अ.
त्याच्या पोटात किती क्विंटल मालदांडी जाते
याला रकाना नाही.

गट नंबर दोनशे बारा घेऊन बेचाळीस जण आले.
यंत्रमागावरचे, विड्या वळणाऱ्या, दोन मास्तर,
भाजीची गाडी लावणारी रझिया बागवान,
आणि शिवलिंगप्पा कोरे. जमीन त्यांचीच होती.
विकली होती राजीखुशीने,
एक प्लॉट स्वतःला ठेवून.
म्हणाले, बाई, मोकळी जागा कडंला नको, मधी घ्या.
आन दहा नको, चाळीस.
मी हसले. प्लॉट कमी पडतील, म्हटलं.
नरसव्वा बोद्धूलने तंबाखूचे हात पदराला पुसले.
"उभा दोरा आधी ताणतात, आडवा मागनं येतो.
तुम्ही आधी वावर काढा की ओ.
घरं मागनं भरू."

मे महिना. चव्वेचाळीस डिग्री.
कोरे पुढे, मी टोपी घालून मागे.
ते चपलेच्या टोकाने दाखवत होते:
हितं चोपण, काय येत नाही.
हितं काळी, पुरुषभर खोल.
हितं हातभर खाली खडक, हितं बांधा घरं.
काळीत बांधलं की भिंत तडकतीच, ते म्हणाले,
जमीन सांगून सांगून दमली तुमाला.

त्या रात्री मी पट्टी बाजूला ठेवली.
खडकाची कड धरून घरं ओवली,
चादरीला काठ असतो तशी, भिंतीला भिंत लावून.
बांध जुनेच ठेवले, त्यांनाच रस्ते म्हटलं.
नळाला पाणी चार दिवसांनी येतं
म्हणून न्हाणीची चारी अंबाडीकडे वळवली, पुढे शेवग्याकडे,
आणि ज्वारीला काही दिलं नाही.
तिला ओल पुरते.

मग बैठका.
गाड्या कुठे लावायच्या? साप निघाला तर?
उंदीर तर येणारच.
पाखरं कोण हाकणार, सगळे कामावर गेल्यावर?
सात कुटुंबं पैसे परत घेऊन गेली,
त्यांचंही चूक नव्हतं.
कचेरीतल्या साहेबांनी नकाशा उलटा धरून विचारलं,
ही शेती म्हणायची की बाग?
शेवटी 'उद्यान' लिहिलं.
उद्यानात मालदांडी. चालतंय.

आमच्या कामात पिवळा रंग म्हणजे निवासी,
हिरवा म्हणजे शेती.
फेब्रुवारीत कणसं भरून वाळायला लागली,
मी नरसव्वाच्या गच्चीवर उभी होते
आणि माझा नकाशा खाली आपला आपणच रंग बदलत होता.

अजून सगळी घरं झालेली नाहीत.
अकरा उभी आहेत, चार जोत्याला.
रझियाची गाडी आता सकाळी आधी इथेच थांबते,
अंबाडीच्या जुड्या मोजून घेते,
घासाघीस करते, ओळख दाखवत नाही.

परवा मास्तरांच्या पोराने गच्चीवरून गोफण फिरवली.
पाखरं उडाली.
खडा मात्र वडिलांच्याच गाडीवर गेला.
संध्याकाळी तातडीची बैठक: काच कुणी भरून द्यायची?
आगटी पेटलेली होती, राखेत शेवटची हिरवी कणसं,
कोरे तळहातावर चोळून हुरडा वाटत होते,
शेंगाचटणीची वाटी फिरत होती.
मला इतिवृत्त लिहायला सांगितलं.
ठराव काही झाला नाही.
वहीच्या त्या पानावर अजून कोंडा चिकटलेला आहे.