ऐनवेळचा विषय

इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं आहे:
विषय क्रमांक सतरा, ऐनवेळचा.
सूचक श्रीमती रिझवाना पठाण,
अनुमोदक श्री. नागोराव बोखारे.
वसमत शहरातील जुन्या विहिरी शोधून मोकळ्या करणे
व छतांचे पाणी त्यांत सोडणेबाबत.
ठराव बहुमताने मंजूर.

बहुमत म्हणजे चौदाला तेरा.

लिहिलं नाही ते हे:

हळद शिजायचे दिवस होते.
कढईच्या वाफेचा पिवळा वास
खिडकीतून सभागृहात येऊन बसलेला.
आधीच्या सोळा विषयांत नऊ ठिकाणी गट्टू,
दोन कमानी, एक हायमास्ट,
आणि टँकरची मुदतवाढ, जी दरवर्षी असते
आणि जिच्यावर दरवर्षी कुणी बोलत नाही.
चहा दोनदा फिरला होता.

तेव्हा रिझवानाबी उठल्या, हातात वही घेऊन.
वही मी ओळखली.
चार वर्षं ती माझ्या टेबलाच्या आखूड पायाखाली होती.
निजामाच्या काळातली, उर्दूतली,
म्हणजे आमच्या लेखी नुसती जाड.
सकाळी त्या कुणाच्या तरी जन्मदाखल्यासाठी आल्या,
पेन पडला म्हणून वाकल्या,
पुठ्ठ्यावरची धूळ बोटानं पुसली
आणि खालूनच म्हणाल्या, "ये तो शहर का पानी है."

आता त्या वाचायला लागल्या.
बावली नंबर एक, तेलियों की, पानी मीठा.
"तिथं मोबाईलचं दुकान आहे," कुणीतरी बोललं. हशा.
बावली नंबर चार, पानी खारा, जानवरों के लिए.
"तिथं माझा बंगला आहे," बांधकाम सभापती म्हणाले.
हशा, जरा कमी.
नऊवर अभ्यासिका निघाली, बारावर शौचालय,
मग कुणी हसेना.
जो तो मनातल्या मनात
आपापला वार्ड खोदत होता.

बावली नंबर तेईस. दफ्तर के सामने.
सोलह हाथ. गर्मी में भी नहीं सूखती.

सगळ्यांनी खिडकीतून बघितलं.
दफ्तरासमोर नगराध्यक्षांची गाडी उभी होती.

मग खोदलं.
गट्टू उचलले, मागच्याच वर्षी बसवलेले,
बिल मीच काढलेलं.
खालून चपला आल्या, थर्माकोलचं मखर आलं,
तीन निवडणुकांचे फ्लेक्स आले एकाखाली एक,
सगळ्यांचे हात जोडलेले,
आणि आमचीच एक कचराकुंडी,
तिच्यावर 'आपले शहर, आपली जबाबदारी'.
अठराव्या दिवशी पिराजी आतून ओरडला,
"वल लागली ओ, वल!"
मुख्याधिकारी कधी कुणाला नावानं हाक मारत नाहीत,
ते इस्त्रीच्या पँटीनं काठावर गुडघे टेकून म्हणाले,
"पिराजी, हाताला लागते का? नीट बघ."

एवढंच झालं. एक विहीर.
उरलेल्यांपैकी पाच कोर्टात आहेत,
काहींवर शटर, एकीवर कुणाचं तरी देवघर,
तिथं आम्ही मोजपट्टी घेऊन गेलो
आणि प्रसाद घेऊन परत आलो.
उपविधी मात्र छापून आला:
छताचा पाइप विहिरीत वा खड्ड्यात उतरल्याशिवाय
भोगवटा प्रमाणपत्र नाही.
लोक पाइप बसवतात, फोटो काढतात,
तोच पाइप शेजारी नेऊन बसवतात.
रिझवानाबी आता फोटो घेत नाहीत,
बादलीभर पाणी गच्चीवर ओततात
आणि खाली येऊन कान लावतात.

माझ्या घराचा पाइप अजून नालीतच उतरतो.
प्लंबर सोमवारी येतो म्हणाला.
कोणत्या, ते मी विचारलं नाही.
माझी गल्ली त्यांच्या यादीत आहे,
बुधवारी.

वही काचेच्या कपाटात गेली.
टेबल हलतं.
पायाखाली घडी घातलीय,
टँकरच्या मुदतवाढीची जुनी प्रत,
ती पुरत नाही.
अक्षर वाकडं येतंय,
पुढच्या सभेचं इतिवृत्त वाचणाऱ्यांनी
सांभाळून घ्यावं.