पडदे मोजताना

होनियाराच्या प्रयोगशाळेत
निळ्या बादलीत रात्रभर ब्लीच.
सकाळी मांस गेलेलं असतं,
वर थोडा तेलकट फेस,
तळाशी पांढरं, खरखरीत काहीतरी,
ज्याला कालपर्यंत आम्ही हिरवं म्हणत होतो.

रंग लिहायचा नाही, हा पहिला नियम.
आकारावरही फार विसंबू नये :
तोच जीव उथळात फांद्या काढतो,
वीस मीटर खाली ताटासारखा पसरतो
उजेड वेचायला.
भिंगाखाली धर. एक वाटी शोध,
मोहरीएवढी.
आतले पडदे मोज. सहा, मग बारा, मग चोवीस.
शेजारणीची भिंत वेगळी,
की दोघींत एकच?
एकच असेल तर पान अकरा.
नसेल तर पुढे जा, घाई नको.
मधोमध खांब आहे? पडद्यांच्या कडांना दात?
बोथट की करवतीसारखे?

माझी मावशी नेस्ता फिउ
औकीच्या बाजारात सुपारीसोबतचा चुना विकते.
हाडाची चुनेवाली.
तिच्या लेखी प्रवाळाच्या जाती दोनच :
भाजल्यावर सौम्य निघणारी
आणि जीभ सोलणारी.
एकदा तिला भिंगातून दाखवलं.
बराच वेळ डोळा लावून बसली,
मग म्हणाली, घरं आहेत की गं ही,
भिंतीला भिंत, वाट ठेवलेली नाही कुठे,
आपल्यासारखीच.
आमचं बेटही याच दगडांचं आहे,
पणज्यांनी होड्यांतून आणून
खाजणात रचलेलं.

मग बाहेरदेशी पाठवलेल्या नमुन्यांचं
उत्तर आलं.
एका खणातले तीन तुकडे,
पडदे, दात, खांब, सगळं जुळणारं,
त्यातला एक त्यांच्या नात्यातला नव्हताच.
आणि ज्याला ओबडधोबड म्हणून
खालच्या खणात टाकलं होतं,
तो सख्खा भाऊ निघाला.
अकरा वर्षं
हाडांनी आम्हाला चुना लावला होता.

मावशी लाल दातांनी खो खो हसली.
मला वाटलं, म्हणेल,
मला विचारायचं होतंस.
पण म्हणाली,
मलाही ते तिन्ही सारखेच लागले असते.

मी चिठ्ठ्या बदलल्या. पेन्सिलीनं.
जुन्या फेकल्या नाहीत,
नव्यांखाली ठेवल्या,
ज्यानं चूक केली त्याचंही अक्षर सुंदर होतं.

मार्चमध्ये पाणी तापलं.
मी जॉर्ज इरोच्या होडीतून
नेहमीच्या जागी उतरले.
सगळं पांढरं. बादलीशिवाय.
अजून मेलेलं नव्हतं काही,
कातडी होती, पण काचेसारखी,
आतलं हाड स्पष्ट दिसत होतं.
जिथे एरवी भिंग लागतं
तिथे नुसत्या डोळ्यांनी
एकेक पडदा.

सवयीनं मोजू लागले.
सहा. बारा.
चोवीस.
पाटीवर नाव लिहिलं,
खोली लिहिली.
रंगाच्या रकान्यापाशी
पेन्सिल थांबली.