सोडियमचा पिवळा

यंदा हंगाम लांबला. एप्रिल उजाडला तरी
गव्हाणीत ऊस पडतोय, वाळका, हलका,
आणि मी तिसऱ्या पाळीला, आष्ट्याकडच्या या कारखान्यात,
शिसं घालून निवळलेला रस काचेच्या नळीत भरते.
नळीच्या एका टोकाला सोडियमचा दिवा,
दुसऱ्या टोकाला माझा डोळा.
साखर प्रकाशाला उजवीकडे वळवते.
किती वळवते ते वहीत मांडायचं.
चौदा वर्षं.

रात्री दोनला मुजावर आला, इलेक्ट्रिशियन,
टोपीत काहीतरी धरून.
"यार्डातल्या खांबाखाली पडलंवतं. धुगधुगी हाय बघा."
बोरू वटवट्या. मातकट, भुवईवर फिकट रेघ.
सवयीनं तराजूवर ठेवला:
अकरा ग्रॅम, चार दशांश.
एवढ्याशा वजनावर तो रशियातल्या कुठल्या तरी
ओल्या झुडपाकडे निघाला होता.

विट्याच्या कॉलेजात खोत सर फळ्यावर डोळा काढायचे,
डोळ्यात पडदा, पडद्यावर निळ्या खडूचे ठिपके.
क्रिप्टोक्रोम, म्हणजे गुप्तरंग.
त्यावर निळा उजेड पडला की एक इलेक्ट्रॉन घर सोडतो;
गेलेला आणि मागं राहिलेला
लांब राहूनही एकमेकांची गिरकी विसरत नाहीत,
आणि त्या गिरकीला पृथ्वीचा चुंबक
बोट लावल्यासारखा हलवतो.
म्हणून पाखराला उत्तर दिसते. बहुधा.
बहुधा या शब्दाखाली सर दोन रेघा मारायचे.

हे सगळं निळ्यावर चालतं. पिवळ्यात आंधळं.
आणि आमच्या यार्डात बारा खांब,
माझ्या नळीमागचाच पिवळा, तोच, फक्त मोठा.

तेच प्रोटीन आपल्यातही, सर म्हणाले होते, चुलत भावंड.
आपल्यात ते घड्याळ राखतं:
साठत जातं, आपल्याच दाराला आतून कडी घालतं,
मग विरतं, कडी निघते,
झाला एक दिवस.
माझ्या कडीचं काय झालंय कोण जाणे.
सकाळी सातला जेवते, खिडकीला गोधडी ठोकून पडते,
दुपारी एकला टक्क जागी.
डॉक्टर म्हणाले, तुमची शुगर वाढलीय.
मला हसू आलं. त्यांना कळलं नाही.

पाखरू फिल्टर पेपरच्या खोक्यात.
मुजावरला म्हटलं, दिवे.
वजनकाट्याला साठ ट्रॅक्टर, प्रत्येकाचा टेप वेगळा.
त्यानं मान खाजवली.
"नदीकडचे चार घालवतो. फ्यूज उडाला म्हणू."
आणि कृष्णेच्या अंगाला एकदम
इतका अंधार झाला
की टोळीच्या कोप्यांतून कुणीतरी शिवी हासडली,
आणि कुणीतरी, बहुधा लहान, म्हणालं, चांदण्या.

पाच वाजून दहा मिनिटं. मळीच्या टाकीमागं आम्ही दोघं.
आभाळ शाईची दौत विसळल्यासारखं.
खोकं उघडलं. बसून राहिलं.
मान डावीकडे, मान उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
मी नळीला डोळा लावून करते तसं,
दोन्ही अर्धी वर्तुळं सारखी दिसेपर्यंत.
मग "चक्", एवढंच,
आणि उडालं.
उत्तरेला नाही. समोरच्या बाभळीत.
पुढं गेलं का, कधी गेलं,
माझी पाळी संपली होती.

वहीत पोल लिहिला, तेरा पूर्णांक सहा.
शेऱ्यात: चार दिवे बंद, फ्यूज.

घरी सासूबाईंनी खाट पूर्व-पश्चिम लावलेली,
उत्तरेला डोकं करून झोपू नये, रक्त ओढतं.
आज उशी तिकडेच टाकली.
काही ओढलं नाही.
फक्त गोधडीच्या खिळ्याशी जे भोक पडलंय
त्यातून निळ्याची एक सुई
भिंतीवर बराच वेळ थरथरत होती,
आणि मी ती स्थिर होण्याची वाट बघत
जागी.