बदल : शून्य

गायत्रीनगर, मे, रात्रीचे पावणेदोन.
कूलरची टाकी तळाला गेलीय,
वाळ्याचा वास तेवढा उरलाय.

आधी चाचणी लिहिली : पोर्ट उघडं असावं.
लाल.
असणारच, मशीन अजून कोरं आहे.
मग एक ओळ. फक्त एक.
हिरवं.

जुना सर्व्हर खापेकरांनी हाताने लावलेला.
अकरा वर्षं चालला,
कुठे काय वळवलंय ते त्यांच्या बोटांनाच ठाऊक.
बोटं आता उमरेडला असतात.
फोन केला तर म्हणाले,
"केलं होतं बाप्पा काहीतरी त्या फाईलीत.
आता नाही आठवून राहिलं."

म्हणून मी मशीन उभं करते, पाडते,
उभं करते.
तिसऱ्यांदा फाईलीचा मालक चुकला,
सहाव्यांदा एक मोकळी जागा कमी पडली
आणि सगळं आडवं.
दर्शनाचा मेसेज : झोप नं बे.

तीन वाजता तोच कोड, त्याच मशीनवर, पुन्हा.
बदल : शून्य.
आहे तसं आहे, हात लावण्याजोगं काही नाही.
एवढ्या रात्रीत मी कमावलं ते हे,
काही न घडणं.

एक आकडा मात्र खापेकरांचाच ठेवला, ४१७.
का, ते कळत नाही.
काढून पाहिला दोनदा.
वर टीप लिहिली :
कारण माहीत नाही. काढला की लाल.

मग उठले, बादलीभर पाणी
कूलरमध्ये ओतायला.