सरकारपक्षाचा साक्षीदार

पाच डॉलर रोख, ट्रॉलीचं भाडं वेगळं.
काम सोपं : दुखऱ्या पाठीचं सोंग घेऊन
अल्विना स्ट्रोमायरच्या दारात जायचं,
ती काय करते ते बघायचं,
आणि कोर्टात जसंच्या तसं सांगायचं.

सोंगाची गरजच पडली नाही.
सहा वर्षं भट्टीवर मातीचे साचे वाहिलेले,
मी डावीकडे झुकूनच चालायचो.
"तुझी पाठ," वैद्यक मंडळाचा माणूस म्हणाला,
"खोटी साक्ष देणार नाही."

किराणा दुकानाच्या माडीवर तिची खोली.
मधोमध कातडी बाक, चेहऱ्यापुरती फट ठेवलेला.
फटीतून तिचे बूट दिसत,
एकाला नाडीऐवजी सुतळी.
खालून बटाट्याच्या पोत्यांचा वास येत होता.
तिची बोटं एकेक मणका चाचपत उतरली,
अंधारात जिना उतरावा तशी,
आणि एका पायरीवर थबकली.
"इथं. श्वास सोड."
मार्च महिन्यात ओहायो नदीचं बर्फ तडकतं
तसा आवाज झाला.
तो माझ्या आतून आला होता.

मी उठलो तो सरळ.
तिनं एक डॉलर घेतला. मंडळाचाच,
कोपऱ्यात शाईची खूण केलेला.

औषध दिलं? नाही.
शस्त्र चालवलं? नाही.
मग काय केलं?
हात लावला, मी म्हणालो.

विनापरवाना वैद्यकी, वकिलानं कलम वाचलं.
ती म्हणाली, मी वैद्यकी करतच नाही,
तिचा परवाना मागू कशाला?
मागच्या बाकांवर हशा.
मग परीक्षेला बस, न्यायाधीश म्हणाले.
पेपर कोण तपासणार? तिनं विचारलं.
माझ्या दाराला कुलूप घालायला निघालेत, तेच ना?

तिच्या वकिलानं मला एवढंच विचारलं :
"आराम पडला?"
हरकत!
हरकत मान्य.
माझं उत्तर कुठल्याच कागदावर नाही.

पंचवीस डॉलर, नाहीतर दहा दिवस.
कुंभारगल्लीत टोपी फिरली, पैसे जमले.
तिनं टोपी तशीच परत पाठवली.
म्हणतात, तिसऱ्या रात्री जेलरच मान धरून
तिच्या कोठडीशी आला,
आणि गजांमधून तिनं त्याची मान सोडवली.
मी पाहिलं नाही.
त्या रस्त्यानं जायचं मी टाळत होतो.
ताठ पाठीनं टाळत होतो, हे लिहून ठेवतो.

तिला कुणी संत करू नये.
हार्टसूकांच्या पोरीला साखरेचा आजार होता.
तोही मणक्यातूनच निघेल, असं ती आईला सांगत राहिली.
पोर सुकत गेली. ऑगस्टात पुरली.
डॉक्टरकडेही तेव्हा उपवासाखेरीज काही नव्हतं.
पण त्यानं तसं सांगितलं असतं.
बहुतेक.

ती सुटली, पुन्हा पाटी लावली,
पुन्हा आत गेली. चारदा की पाचदा.
शेवटी पाटीच काढली, दार उघडंच ठेवलं.
माझ्याऐवजी दुसरे लोक जाऊ लागले खुणेचे डॉलर घेऊन.
एकोणीसशे चव्वेचाळीसमध्ये गेली. मी दफनाला गेलो,
मागे उभा राहिलो.

पंचाहत्तर साली कायदा झाला.
त्यांचं वेगळं मंडळ, त्यांचीच परीक्षा.
पेपरात, शेतमालाच्या भावांखाली, चार ओळी.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, परत डावीकडे झुकलेला.
बँकेशेजारच्या दवाखान्यात गेलो.
भिंतीवर चौकटीत परवाना, सोनेरी शिक्का.
बाकाला तशीच फट. फटीतून पोरगेल्या डॉक्टरचे बूट,
नवेकोरे.
"इथं आधी कुणी हात लावलाय का?"
एक बाई होती, मी म्हणालो.
"आराम पडला होता?"

हरकत घ्यायला खोलीत कुणीच नव्हतं.
तरी मला वेळ लागला.