मापांच्या वहीची मागची पानं

पुढून उघडली तर छाती, कंबर, बाहीचा घेर,
कुणाचा गळा किती खोल, कुणाला अस्तर नको.
मागून उघडली तर व्हाळाकाठचे साडेतीन गुंठे.
मधली चार पानं कोरी ठेवली आहेत,
दोन्ही हिशेब एकमेकांना भिडू नयेत म्हणून.

कार्तिक वद्य पंचमी.
भात झोडून झालं. कुणग्यात अजून ओल,
टाच रुतते, पण पाय सुटतो.
आज अकरा घरांनी मिळून व्हाळ अडवला.
सिमेंटच्या रिकाम्या गोणी, त्यांची तोंडं शिवायला मी,
दाभण आणि सुंभ. बावीस गोणी.
शिलाई कुणी दिली नाही, मीही मागितली नाही.
पाणी संध्याकाळी पाटाच्या तोंडाशी आलं
आणि थांबलं, उंबऱ्याबाहेरच्या पाहुण्यासारखं.
पाळ्या ठरल्या. माझी पहाटे चार ते सहा.
माझ्यामागून इनास फर्नांडिस, सहा ते आठ.

मार्गशीर्ष.
वाफे टेपने मोजले. लोक हसले.
लाल माठ फेकून, मुळा ओळीत,
चवळी कुंपणाकडे, मिरची वितीवर.
रोपं इनासने दिली, सव्वाशे. नऊ मेली.
कुळीथ वरच्या कुणग्यात, त्याला दव पुरतं.
असं गिऱ्हाईक एखादंच.

वानरं आली.
मुळा उपटला, एक घास घेतला, टाकला,
पुढचा उपटला. तोही तसाच असेल हे त्यांना पटेना.
जुन्या साड्या जोडून कुंपणाला लावल्या.
त्यात शेवंती परबिणीचा शालू आहे.
तिने स्वतःच आणून दिला, म्हणाली,
माझ्या अंगाला नाही, निदान मुळ्याला तरी होऊ दे.

पौष.
चवळीवर मावा. दव असतानाच राख मारली.
डाव्या हाताचं बोट फुटलं, सुईवाल्या नव्हे, ते बरं.
आणि हे लिहू की नको:
मिरचीने मान टाकली होती, म्हणून
सहा वाजून गेले तरी पाटातला धोंडा मी हलवला नाही.
वीस मिनिटं.
इनास बांधावर उभा होता. विडी विझलेली.
मी पदराने घड्याळ झाकलं.

अमावास्या.
इनासला बांबोळीला नेलं. छातीत पाणी झालंय म्हणतात.

सहा ते आठची पाळी कुणाला द्यायची
यावर बंधाऱ्यापाशी बोलणं निघालं.
मी म्हटलं, ती इनासची आहे.
तेव्हापासून चार ते सहा माझं, सहा ते आठ त्याचं.
आठला घरी येऊन मशीनवर बसलं की डोळे मिटतात.
तळवडेकरांच्या सुनेची बाही उलटी लागली,
उसवली, परत उलटीच लागली.

माघ.
माठ चौतीस जुड्या. मुळा, वानरांनी ठेवला तेवढा.
इनासच्या मिरचीला फूल. माझ्या आधी.
त्याच्या वाफ्यात तण दिसलं की माझा हात आपोआप वाकतो,
माझ्या वाफ्यातलं उद्यावर राहतं.
काल रिक्षावाला सांगत होता, जेवायला लागलाय.

फाल्गुन शुद्ध.
आज तो आला. मुलाच्या खांद्यावर एक हात,
दुसऱ्या हातात काठी.
सदरा अंगावर नव्हे, खुंटीवर टांगल्यासारखा.
दोन इंच आत घ्यावा लागेल, लांबूनच कळलं.
बांधावर टेकला. काठी मातीत खुपसली,
बाहेर काढली, टोकाला लागलेला चिखल बघत राहिला.
"मिरसांगेक इतक्या पाणी कित्या घातलंस?
मुळां कुजतली."
मी खाली बसले. ढेकूळ फोडत म्हटलं,
तुझी वीस मिनिटं देणं होतं.
"पंचवीस," तो म्हणाला.

घरी येऊन वही उघडली,
पुढून की मागून, बघितलं नाही.
इनास, सदरा: छाती छत्तीस खोडून चौतीस.
मिरची: दोन दिवस पाणी बंद.