वर एक जुडी

वेंगुर्ल्याच्या पतपेढीत एकवीस वर्षं मी कॅशला आहे.
सहा वाजता शटर अर्धं खाली येतं
आणि पैशापर्यंत ताळा लागतो.
लागला नाही तर कोणी घरी जात नाही,
शिपाई तुळसकरसुद्धा.

म्हणून सावंतवाडीच्या आहारवाल्या बाई म्हणाल्या,
"तोंडात जाईल ते सगळं लिहा,"
तेव्हा वाटलं, हे तर माझंच काम.
नवी वही घेतली. समास आखला.
डावीकडे जिन्नस, उजवीकडे कॅलरी,
तळाशी बाराशे, लाल शाईने.

भात सोपा. वाटी म्हणजे वाटी.
बांगडा सोपा, नगावर.
आंब्याचा प्रश्नच आला नाही.
वही घेतली तेव्हा आंबा संपला होता,
आणि आंबा संपेपर्यंत
मी वही घेतली नव्हती.

अडलं ते फणसाशी.
फोनमधला तक्ता विचारतो, किती कप?
कापा असता तर चिरून भरलाही असता.
हा बरका.
बरका कपात बसत नाही.
तो बोटांवरून कोपराकडे निघतो,
त्याला अडवायला तोंडच न्यावं लागतं.
शेवटी आठळ्या मोजल्या. सतरा.
आठळी म्हणजे व्हाउचर.
सतरा गरे नावे टाकले, सही केली.

दुसऱ्या दिवशी सदानंदने त्याच आठळ्या
अळवात घातल्या.
आता त्या परत लिहायच्या?
एकाच पावतीवर दोनदा खर्च,
आमचे ऑडिटर तर खुर्चीतून उठले असते.

बाईंना फोन केला. म्हणाल्या,
"अहो, फळं-भाज्या कशाला मोजत बसता?
काकडी खाऊन कोणी जाड झालेलं मी पाहिलं नाही."
चिपळूणला माझ्या बहिणीची बाई वेगळी.
ती केळ्याचेसुद्धा तुकडे लिहायला लावते.
आम्ही दोघी एकमेकींना वजनं सांगत नाही.

बरं, मोजू नका तर नका.
पण भाजी म्हणजे नक्की कुठली, बाई?
आमच्याकडे दोडका खोबऱ्याखाली असतो.
चवळी खोबऱ्याखाली.
पडवळ तर हाताने चाचपून काढावं लागतं.
त्या रात्री ताट पहिल्यांदा
नोटेसारखं उजेडाकडे धरून पाहिलं
आणि कळलं,
खातं सगळं नारळाचं,
उघडलेलं भाज्यांच्या नावाने.
अठ्ठेचाळीस वर्षं बेनामी व्यवहार,
आणि मी कॅशियर.

आषाढात बाजारात टाकळा आला.
नतालीन फर्नांडिस पायरीवर बसते,
गोणपाट पांघरून, पुढ्यात ओला हिरवा ढीग.
पाच जुड्या पिशवीत टाकल्या,
मग एक अजून.
"हिचे किती?"
"वरच्याचे कधी पैशे असतत गो?"
मला वरपासून खालपर्यंत बघितलं.
"बारीक झालंस. बरां दिसणा नाय."
नऊशे ग्रॅम, मी म्हणणार होते,
तोवर तिचं लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे.

सहा जुड्या शिजून एवढ्याशा होतात,
दोन माणसांना पुरतात न पुरतात.
सदानंदने नारळ फोडला, माझ्याकडे पाहिलं,
अर्धी कवड खवली आणि थांबला.
"बस?"
"चिमूटभर अजून," मी म्हटलं.
तीही लिहीन.

रात्री वही.
भात, इतका. तेल, इतकं.
खोबरं, अर्धी कवड आणि चिमूट,
आकडा मोठा आला, लाल शाईने, ठळक.
टाकळा, पाच जुड्या. त्याच्यापुढे काहीतरी
पंचवीस-तीस टाकलं, मनाला बरं म्हणून.
मग खालच्या ओळीत:
टाकळा, एक जुडी, वर.

उजवीकडे पेन नेलं
आणि तिथेच राहिलं.
शून्य लिहिणं खोटं झालं असतं.
आकडा लिहिणं नतालीनला पैसे दिल्यासारखं.
रकाना तसाच ठेवला.

ताळा लागला नाही.
स्वयंपाकघरात कढईला तळाशी थोडी भाजी होती,
ती उभ्या उभ्या चमच्याने खाल्ली,
दिवा मालवला,
आणि मनातल्या मनात
तुळसकरला घरी पाठवलं.